इथाका ते हैदराबाद : डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या विद्यापीठीय जीवनाचा मागोवा

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दोन निरनिराळ्या प्रकरणांत येते. एका ठिकाणी ते ज्ञानकोशकार असतात, तर दुसऱ्या ठिकाणी कलादृष्टीचा अभाव असलेले परंतु विचारगर्भ कादंबरीकार. अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी विद्यार्थ्याच्या मनात इतकी पक्की होते की, या दोन्ही केतकरांच्या आधीचा तिसरा केतकर, म्हणजे परदेशातील एका मोठ्या विद्यापीठाच्या वर्गात बसलेला विशीतला विद्यार्थी, त्याला दिसतच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील दोन्ही केतकरांचा उगम या तिसऱ्या केतकरात आहे.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस झाले आणि त्यानंतर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात आले. त्या काळचे मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ साली उभे राहिलेले व प्रामुख्याने परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. अध्यापनाचे काम संलग्न महाविद्यालयांत चाले. नेमलेली पुस्तके, त्यांवरील टिपणे आणि वर्षअखेरची परीक्षा या चौकटीत विद्यार्थ्याने स्वतः एखादा प्रश्न उपस्थित करावा, अशी अपेक्षाच नव्हती. (ही चौकट आज सर्वस्वी मोडली आहे असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी किती अध्यापक करतील, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू.) १९०६ साली केतकर अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. बी.ए., एम.ए. आणि १९११ साली पीएच.डी. या तिन्ही पदव्या त्यांनी तेथेच संपादन केल्या.

कॉर्नेलचे वेगळेपण येथे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. १८६५ साली स्थापन झालेले आणि १८६८ साली प्रत्यक्ष सुरू झालेले हे विद्यापीठ कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेले नव्हते. अमेरिकेतील अनेक जुनी महाविद्यालये धर्मोपदेशक घडवण्याच्या हेतूने निघाली होती, त्यामुळे ही गोष्ट लहान नव्हती. कयुगा सरोवराच्या वरच्या टेकडीवर वसलेल्या या संस्थेत अभिजात भाषांच्या शेजारी शेतकी व यंत्रशास्त्र शिकवले जाई, स्त्रियांना १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच प्रवेश मिळाला होता आणि विषय निवडण्याचे बरेचसे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला होते. उच्च शिक्षणाची पद्धत जर्मन विद्यापीठांवरून घेतलेली होती. विद्यार्थ्याने ग्रंथालयात मूळ साधने वाचावीत, त्यांवरून निबंध रचावा, तो अध्यापक व सहाध्यायी यांच्यापुढे मांडावा आणि आक्षेपांना उत्तरे द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. ज्ञान हे दिले जाणारे नसून सिद्ध करावयाचे असते, ही जाणीव या पद्धतीतून विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडत असे.

या शिस्तीचे फलित म्हणजे १९०९ साली प्रसिद्ध झालेला हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड. तेव्हा केतकर पंचवीस वर्षांचे होते. मनुस्मृतीतील पुराव्याच्या आधारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील भारतीय समाजस्थिती तपासणे, हा त्या ग्रंथाचा विषय होय. मनुस्मृती प्रमाण मानणाऱ्यांची परंपरा मोठी होती, आणि ती धिक्कारणाऱ्यांचीही परंपरा महात्मा फुल्यांपासून महाराष्ट्रात उभी होती. केतकरांनी तिच्याकडे एका विशिष्ट काळाचा दस्तऐवज म्हणून पाहिले. ग्रंथाच्या परिशिष्टात त्यांनी तत्कालीन मानववंशशास्त्राच्या मूलगामी दोषांची चर्चा केली. नाकाडोळ्यांच्या मोजमापावरून जातींची प्रतवारी लावणारे वंशशास्त्र त्या काळी सरकारी प्रतिष्ठा पावलेले होते. त्याच्याविरुद्ध एका हिंदी विद्यार्थ्याने परदेशी विद्यापीठात लेखणी चालवावी, यात बौद्धिक धैर्य निश्चितच होते. या ग्रंथमालेतील दुसरा, हिंदुत्वाच्या स्वरूपावरील निबंध १९११ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला.

मात्र या धैर्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. केतकरांनी जातीची व्याख्या करताना दोन लक्षणे सांगितली होती. जातीचे सभासदत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरतेच मर्यादित असते हे एक, आणि जातीबाहेर विवाह करण्यास कठोर सामाजिक नियमाने मनाई असते हे दुसरे. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, त्याच न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्यांबरोबर त्यांनी केतकरांची व्याख्याही तपासली. केतकर हे एतद्देशीय असून खुल्या मनाने या विषयाकडे वळले, आणि जातीचा विचार त्यांनी सुटा न करता जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय आंबेडकरांनी मोकळेपणाने दिले. त्याचबरोबर केतकरांची दोन लक्षणे ही वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. जातीबाहेर विवाह बंद केला की सभासदत्व जन्मापुरते मर्यादित होणारच. मग मूळ लक्षण एकच उरते, ते म्हणजे अंतर्विवाह. तेथून आंबेडकर पुढे गेले आणि विधवेची सक्तीची अवस्था, सती व बालविवाह या प्रथांची संगती त्यांनी अंतर्विवाहाच्या रक्षणाशी लावली. केतकरांच्या व्याख्येत स्त्री अदृश्य होती. आंबेडकरांच्या विवेचनात ती केंद्रस्थानी आली. दोन मराठी भाषक विद्यार्थ्यांमधील हा संवाद मराठीत झाला नाही, महाराष्ट्रात झाला नाही, आणि म्हणून मराठी वाङ्मयेतिहासाने त्याची पुरेशी नोंद घेतली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

पदवीनंतर केतकर काही काळ लंडनमध्ये राहिले. तेथे एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला. १९१२ साली ते मायदेशी परतले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. पण तो काळ अल्पच ठरला. महाराष्ट्रात तर त्यांच्या विद्येला साजेसे विद्यापीठीय स्थान त्यांना कधी लाभलेच नाही. याचा सगळा दोष परिस्थितीवर टाकणे सोपे आहे. तथापि समाजशास्त्र हा विषयच जेथे नुकता अंकुरत होता, तेथे समाजशास्त्रज्ञाने बसावे कोठे, हा प्रश्न खरा होता.

त्याचे उत्तर केतकरांनी आपल्या पद्धतीने दिले. १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. पुढे काम पुण्यास हलले. भागभांडवल जमवणे, वर्गणीदार मिळवणे, संपादक वर्ग उभा करणे, छापखान्याचा हिशेब पाहणे ही सारी कामे कॉर्नेलच्या या डॉक्टरने अंगावर घेतली. यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. त्यातून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध झाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड पाहिले म्हणजे त्यामागची विद्यापीठीय दृष्टी स्पष्ट होते. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास हा क्रम अकारविल्हे कोशाचा नाही, तो अभ्यासक्रमाचा आहे. शब्द शोधायला आलेल्या वाचकाला आधी जगाच्या इतिहासात आपले स्थान कोठे आहे ते कळावे, असा हा आग्रह होता. या उद्योगाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहून ठेवली. विद्वत्तेचा जमाखर्च कसा मांडावा, हे पाहण्यासाठी आजच्या संशोधकानेही ते वाचावे.

१९२० साली एडिथ कोहन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू करून घेण्यात आले व त्या शीलवतीबाई झाल्या. जातीच्या व्याख्येतील दुसरे लक्षण, म्हणजे जातीबाहेरील विवाहाची मनाई, केतकरांनी स्वतःच्या घरात मोडले. परंतु ते मोडण्यासाठी त्यांनी परंपरेतलाच एक जुना विधी शोधून काढला. संस्था टाकून देण्यापेक्षा तिच्यातच नवी वाट काढण्याची ही वृत्ती त्यांच्या विचाराची शक्ती आहे आणि दुबळेपणाही.

हीच वृत्ती ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) या कादंबरीत दिसते. कालिंदीच्या कुळात एक डाग समाजाने पाहिला आहे, आणि त्या डागाचे काय करायचे यावर पात्रे तासन्‌तास बोलतात. वैजनाथशास्त्री तर नवी स्मृतीच रचायला निघतात. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ही कादंबरी शिकवताना प्रस्तुत लेखकाला नेहमी एकच अनुभव येतो. कथानक कोठे आहे, अशी तक्रार विद्यार्थी पहिल्या आठवड्यात करतात. पुढे कालिंदी व शिवशरणप्पा यांचा प्रसंग येतो, आणि तक्रार करणारेच वर्गात एकमेकांशी भांडू लागतात; तास संपला तरी उठत नाहीत. समीक्षकांनी या कादंबऱ्यांना अकलात्मक म्हटले, ते कलेच्या अंगाने खोटे नाही. पण त्यांची घडण चर्चासत्राची आहे, हे ओळखल्याखेरीज त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही. इथाकाच्या वर्गातील पद्धत केतकरांनी कादंबरीत आणली. प्राध्यापकी नाकारली गेलेल्या माणसाला विद्यार्थी मिळवण्याचा तो एक मार्ग होता.

१९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबाद येथे भरले व केतकर त्याचे अध्यक्ष झाले. मराठवाड्यातील अभ्यासकाला या घटनेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्या वेळी जिंतूर हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेही उभारलेले होते; पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती. सभांवर ‘गस्ती निशाण ५३’चे निर्बंध होते. अशा राजधानीत मराठीचे संमेलन भरावे आणि त्याच्या अध्यक्षपदी देशी भाषेत सगळे जग आणू पाहणारा ज्ञानकोशकार असावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. उस्मानियाने राजसत्तेच्या बळावर उर्दूसाठी जे केले, ते केतकरांनी भागधारकांच्या बळावर मराठीसाठी केले होते.

अखेरची वर्षे आर्थिक ओढग्रस्तीची गेली. मधुमेह होताच, पायाची जखम चिघळली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शीलवतीबाईंनी पुढे आपल्या सहजीवनाच्या आठवणी मराठीत लिहिल्या. कोलंबियातील तो निबंध आंबेडकरांनी १९४४ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत समाविष्ट केला. केतकरांची व्याख्या आणि तिच्यावरील आक्षेप त्या आवृत्तीत वाचकापुढे पुन्हा आले.