न्यायाधीश शमुवेल स्यूअल

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल साहेब १८१३ साली मुंबईस उतरले, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यांचा दीक्षाविधी त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील सेलम ह्या गावी झाला होता. त्याच गावात त्या दीक्षाविधीच्या १२० वर्षे आधी नित्य प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या हातून एक मोठे पातक घडले. त्या पातकात भागी असलेल्या एका मनुष्याचे चरित्र आज आम्ही सांगणार आहो.

शमुवेल स्यूअल ह्याचा जन्म १६५२ साली इंग्लंडात झाला. नऊ वर्षांचा असता तो मॅसॅच्युसेट्स प्रांतात आला. हार्वर्ड येथे शिकून पाळक व्हावे असे त्याच्या मनात होते. परंतु बोस्टन शहरातील एका धनवानाच्या कन्येशी लग्न झाल्यावर तो व्यापारात पडला. घरी शास्त्रपाठ व प्रार्थना कधी चुकली नाही. रोजनिशी लिहिण्याची त्याला सवय होती, म्हणूनच त्याच्या अंतःकरणातले आपणांस इतके कळते.

१६९२ साली सेलमजवळच्या खेड्यात काही मुलींस झटके येऊ लागले. हा चेटकाचा प्रकार आहे असे ठरले, आणि मुली एकेकीचे नाव घेऊ लागल्या. गव्हर्नराने नऊ न्यायाधीशांचे न्यायालय नेमिले. त्यांत स्यूअल एक होता. चेटकास देहान्त शिक्षा असावी असा कायदा होता, व त्यास निर्गमाच्या २२व्या अध्यायाचा आधार दाखवीत. पण पुरावा कसला? अमकीची आकृती रात्री येऊन मला चिमटे घेते, असे मुलीने म्हणावे, आणि न्यायालयाने ते खरे मानावे. ती बाई त्या वेळी आपल्या घरी निजलेली असली तरी तिची सुटका नाही. शिवाय, मी चेटकीण आहे असे जी कबूल करी तिचा जीव वाचे. जी खोटे बोलण्यास नाकारी ती फासावर जाई.

येणेप्रमाणे १९ जणांस फाशी झाली, आणि एक वृद्ध मनुष्य छातीवर दगड रचून मारिला गेला. रेबेका नर्स ही ७१ वर्षांची, मंडळीत मान असलेली बाई. पंचांनी तिला प्रथम निर्दोषी ठरविले होते. मुलींनी आकांत केल्यावर त्यांनी निकाल फिरविला. जॉर्ज बरोज नावाचा पाळक फासाखाली उभा राहून प्रभूची प्रार्थना न अडखळता बोलला. चेटक्यास ती बोलता येत नाही असा लोकांचा समज होता. तरी त्यास फाशी दिलेच. त्याची व स्यूअलाची जुनी ओळख होती. (आमच्याकडेही डाकीण, भुताळी म्हणून विधवांस छळिल्याच्या वार्ता येतात, महाराष्ट्रात २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा हे दूरदेशीचे वेड म्हणून हसू नये.)

चार वर्षे गेली. १६९६ साली स्यूअलाच्या घरी एक मूल मृत जन्मले. डिसेंबरात दोन वर्षांची सारा मरण पावली. दुसऱ्या दिवशी घरच्या शास्त्रपाठात मोठ्या मुलाने मत्तयाचा १२वा अध्याय लॅटिनात म्हटला. दयेचा अर्थ कळला असता तर निर्दोष्यांस दोष लाविला नसता, ह्या अर्थाचे जे सातवे वचन, ते ऐकून बापाला सेलम आठवले.

१४ जानेवारी १६९७ हा प्रांतभर उपवासाचा दिवस होता. उपासनेच्या वेळी स्यूअलाने पाळक विलर्ड ह्यांच्या हाती एक कागद दिला, आणि ते वाचीत असता तो सर्व मंडळीदेखत आपल्या जागी उभा राहिला. सेलमच्या न्यायालयाचा दोष व लाज आपण आपल्यावर घेतो, मनुष्यांनी आपणांस क्षमा करावी, आणि देवाने आपल्या पापाचे फळ दुसऱ्या कोणास देऊ नये, असे त्यात होते. वाचन संपल्यावर तो वाकला व खाली बसला. कायदाच तसा होता, नऊ जणांनी मिळून ठरविले, मुली खोटे बोलल्या: ह्यांतले काहीही त्याने पुढे केले नाही. मुख्य न्यायाधीश स्टॉटन ह्याने तर आपली चूक कधीच कबूल केली नाही.

हे लिहिताना आमची लेखणी अडते. सेवेच्या आरंभी आम्ही एका मंडळीच्या पंचांत बसून, ऐकीव गोष्टीवरून एका भावास प्रभुभोजनापासून दूर ठेविण्यास संमती दिली. पुढे गोष्ट खोटी निघाली. तोवर तो भाऊ बायकामुले घेऊन गाव सोडून गेला होता. आम्ही त्याच्या चुलत्यापाशी हळूच दिलगिरी बोललो. मंडळीपुढे उभे राहिलो नाही.

१७०० साली स्यूअलाने योसेफाला विकल्याच्या वृत्तान्तावरून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लहानसे पुस्तक छापिले. फार थोड्यांनी ते मानिले. रेबेका नर्स हिला फाशीपूर्वी मंडळीबाहेर टाकिले होते. तो ठराव सेलमच्या मंडळीने १७१२ साली रद्द केला. स्यूअल पुढे प्रांताचा मुख्य न्यायाधीश झाला, व १७३० च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस मरण पावला. त्या दिवशीच्या कागदाची नक्कल त्याने स्वहस्ते रोजनिशीत उतरून ठेविली होती. ती आजही वाचावयास मिळते.