मेडोज टेलर : छावणी, कादंबरी आणि दख्खनचा इतिहास

एखाद्या प्रदेशाची पहिली ओळख इतिहासग्रंथातून न होता कादंबरीतून व्हावी, हा अनुभव एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाचकाला नवा नव्हता. मारिया एजवर्थ यांच्या ‘कॅसल रॅकरेंट’ (१८००) या कादंबरीने आयर्लंडमधील जमीनदार, कुळे, अंत्यविधीच्या चालीरीती आणि लोकसमजुती यांचा परिचय एका वृद्ध आयरिश कारभाऱ्याच्या तोंडून करून दिला आणि अपरिचित शब्द व रूढी यांसाठी शेवटी टिपाही जोडल्या. वॉल्टर स्कॉट यांनी ‘वेव्हर्ली’ (१८१४) लिहिताना एजवर्थ यांचे ऋण मान्य केले, आणि पुढे स्कॉट यांच्या प्रभावातून ऐतिहासिक कादंबरी सर्वत्र पसरली. दख्खनच्या बाबतीत हेच कार्य कर्नल फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) यांनी केले. त्यांच्या लेखनाची पूर्वतयारी मराठवाड्यातील छावण्यांमध्ये झाली; त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला त्यांचे चरित्र उपेक्षणीय मानता येत नाही.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे व्यापारी कुटुंबात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे नोकरी करण्यासाठी त्यांना मुंबईस पाठविण्यात आले. १८२४ मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा त्या व्यापाऱ्याची पेढी अडचणीत आली होती. एका नातलग अधिकाऱ्याच्या खटपटीने त्यांना निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि त्याच वर्षी, सोळा वर्षांचे असताना, ते औरंगाबादच्या छावणीत दाखल झाले. खाम नदीपलीकडील ही छावणी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील छावणी परिसर होय. कंपनीच्या फौजेतील मानमरातब निजामाच्या चाकरीत नव्हता. पण लोकभाषेशिवाय येथे निभाव लागत नसे. टेलर यांनी हिंदुस्थानी भाषा आत्मसात केली. पुढे मुलकी आणि पोलीस कामासाठी त्यांची निवड होण्यास हे भाषाज्ञान कारणीभूत ठरले.

फौजेतील नोकरीच्या काळात हिंगोलीच्या छावणीशीही त्यांचा संबंध आला. हिंगोलीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतील अधिकारी त्याला ओळखत असत. ठगांच्या जबान्या बाहेर येऊ लागल्या तेव्हा हाच गृहस्थ ठगांचा एक म्होरक्या असल्याचे उघडकीस आले. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या टेलर यांनी जवळून ऐकल्या आणि रजेवर मायदेशी असताना त्यांतून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी सिद्ध केली. १८३९ मध्ये ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ‘कॅसल रॅकरेंट’प्रमाणेच हिचेही निवेदन त्या समाजातील एका व्यक्तीकडे, अमीर अली या ठगाकडे, सोपविलेले आहे. गोऱ्या अधिकाऱ्याची भूमिका ऐकणाऱ्याची आहे. शकुनांवरील श्रद्धा, भवानीची भक्ती, प्रवासी टोळ्यांचे संकेत हे सारे त्या निवेदनाच्या ओघात येते.

१८४० मध्ये ‘टिपू सुलतान’ ही दुसरी कादंबरी निघाली. त्यानंतर टेलर भारतात परतले आणि १८४१ पासून शोरापूर संस्थानात अल्पवयीन राजा व्यंकटप्पा नायक याच्या कारभारावर देखरेख करू लागले. या राजाशी त्यांचे नाते पित्यासारखे होते. १८५८ मध्ये तोच राजा इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला आणि कैदेकडे नेला जात असता गोळी लागून मरण पावला. टेलर यांच्या आयुष्यातील ही सर्वांत जिव्हारी लागणारी घटना म्हणावी लागेल. तत्पूर्वी, १८५३ च्या तहाने निजामाचे काही जिल्हे इंग्रजांकडे आले आणि नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलर यांच्याकडे सोपविण्यात आला. नळदुर्गचा आदिलशाही किल्ला, त्यातील पाणीमहाल आणि जवळचे तुळजापूर यांचा निकट सहवास त्यांना याच काळात लाभला. १८५७ मध्ये त्यांची नेमणूक बुलढाण्यास झाली. प्रकृती ढासळल्यामुळे १८६० मध्ये त्यांनी भारत सोडला.

त्यानंतर त्यांचे वास्तव्य डब्लिनजवळच्या हॅरल्ड्स क्रॉस येथे होते. दख्खनमधील प्राचीन शिळावर्तुळे आणि दफनस्थाने यांविषयीचा त्यांचा प्रबंध रॉयल आयरिश अकादमीने प्रसिद्ध केला. या अवशेषांना त्यांनी केल्टिक किंवा शक स्मारकांच्या वर्गात घातले होते. हे वर्गीकरण आज ग्राह्य मानले जात नाही. तथापि भीमाकाठची दफनस्थळे आणि आयर्लंडची शिळास्मारके एकाच चौकटीत पाहण्याचा हा प्रयत्न त्यांच्या मनोरचनेवर प्रकाश टाकतो.

डब्लिनच्या याच काळात ‘तारा’ (१८६३) ही शिवकालावरील कादंबरी आली. तुळजापूरच्या व्यासशास्त्रींची बालविधवा कन्या तारा हिच्या कथेला अफजलखानाच्या स्वारीची आणि प्रतापगडच्या भेटीची पार्श्वभूमी आहे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची. म्हणजे शिवकालावर कादंबरी रचण्याचा प्रयत्न इंग्रजीत आठ वर्षे आधी झालेला होता.

येथे एका प्रश्नाचा विचार अपरिहार्य ठरतो. अशा कादंबरीतून वाचकाच्या हाती येणारा इतिहास आणि लोकाचार कितपत विश्वसनीय असतो? १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराची कादंबरीत्रयी टेलर यांनी योजली. ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या तिच्या पुढील दोन कादंबऱ्या. या मांडणीसाठी प्रतापगडचा प्रसंग १६५७ मध्ये धरला गेला. प्रत्यक्षात अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. तारा तुळजाभवानीची मुरळी होते असे कादंबरीत दाखविले आहे. महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत मुरळी ही खंडोबाची, तर आराधी आणि गोंधळी हे भवानीचे. तारेचा विवाह अखेर अफजलखानाच्या पुत्राशी लावण्यात आला आहे, तो कथेच्या सोयीसाठी. ठगांविषयी तर अलीकडच्या संशोधकांनी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर मूलभूत शंका उपस्थित केल्या आहेत. जीव वाचविण्यासाठी दिलेली जबानी हा कादंबरीचा पाया असेल, तर तिच्यातून उभा राहणारा लोकधर्म सावधपणेच स्वीकारावा लागतो. या उणिवा लक्षात घेऊनही, तुळजापूरचे देऊळ, नळदुर्गचा तट आणि खेड्यापाड्यांतील माणसे यांचे दर्शन केवळ ग्रंथांवरून घडविलेले नाही, हे मान्य करावे लागते. त्यामागे दख्खनमधील दीर्घ नोकरीचा अनुभव आहे.

१८७५ मध्ये सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून टेलर पुन्हा हैदराबादला आले. याच सुमारास त्यांची दृष्टी गेली. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्येने संपादित केलेले आत्मचरित्र १८७७ मध्ये, आणि चांदबीबीवरील ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी १८७८ मध्ये प्रकाशित झाली.

मराठीच्या दृष्टीने पुढील घटना अधिक मोलाची आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० च्या सुमारास ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून ऐतिहासिक कादंबरीच्या क्षेत्रात प्रवेश केला, तो टेलर यांच्या ‘टिपू सुलतान’चा आधार घेऊन. त्यानंतरच्या ‘उषःकाल’मध्ये मात्र त्यांनी शिवकाल मराठी जाणिवेतून उभा केला. दख्खनच्या मातीतून परदेशी अधिकाऱ्याने उचललेला हा वाङ्मयप्रकार अशा रीतीने मराठीत परत आला, आणि येथील लेखकाने तो आधार लवकरच मागे टाकला. टेलर यांच्या कादंबऱ्या आज दख्खनच्या इतिहासाचे प्रमाण म्हणून वाचता येणार नाहीत. परकीय वाचकाला या प्रदेशाकडे वळविणारी आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या उगमापाशी उभी असलेली साधने म्हणून त्यांचा अभ्यास व्हावयास हवा.