प्रेषित जरथुष्ट्र : गाथांमधून दिसणारे जीवन

शहेनशाही पंचांग मानणारा भारतातील पारशी समाज ऑगस्ट महिन्यात नवे वर्ष साजरे करतो आणि त्या वर्षाच्या सहाव्या दिवशी, म्हणजे खोरदाद साल या दिवशी, प्रेषित जरथुष्ट्र यांचा जन्मोत्सव पाळला जातो. ही तिथी श्रद्धेने ठरविलेली आहे. जरथुष्ट्र नेमके कोणत्या वर्षी, किंबहुना कोणत्या शतकात जन्मले, याविषयी विद्वानांमध्ये आजही एकमत नाही. एका जुन्या इराणी परंपरेनुसार त्यांचा काळ अलेक्झांडरच्या आधी २५८ वर्षे, तर काही ग्रीक लेखकांनी तो सहा हजार वर्षे मागे नेला. भाषाशास्त्राच्या आधारे विचार करणारे बहुतेक अभ्यासक मात्र तो इसवी सनापूर्वी सुमारे १५०० ते १००० या दरम्यानचा मानतात. त्यांच्या गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेच्या इतकी जवळची आहे की, दोहोंमध्ये फार मोठे अंतर कल्पिता येत नाही, हे या मतामागील मुख्य कारण होय.

गाथा म्हणजे अवेस्ता या धर्मग्रंथातील सतरा स्तोत्रे. यस्न या बहात्तर अध्यायांच्या पूजापाठात ती मधोमध गुंफलेली आहेत आणि शतकानुशतके केवळ मुखोद्गत राहून टिकली आहेत. ही स्तोत्रे खुद्द जरथुष्ट्रांची आणि अवेस्ताचा उर्वरित भाग नंतरच्या पिढ्यांचा, हा भेद आधुनिक काळात ठामपणे मांडला गेला तो पुण्यात, ही बाब मराठी वाचकांना कदाचित नवी वाटेल. मार्टिन हाउग हे जर्मन पंडित १८५९ ते १८६६ या काळात पुण्यातील शासकीय महाविद्यालयात, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, संस्कृत अध्ययनाचे प्रमुख होते. ऋग्वेदाच्या ऐतरेय ब्राह्मणाचे संपादनही त्यांनीच केले. १८६२ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या पारशी धर्मावरील निबंधांत त्यांनी गाथांची जुनी बोली वेगळी काढून दाखविली.

त्यामागे एक वाद होता. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८४३ साली मुंबईतच ग्रंथ लिहून पारशी धर्मावर टीका केली होती. हा धर्म दोन ईश्वर मानतो, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ज्या ग्रंथांच्या आधारे ही टीका झाली, त्यांपैकी बराचसा भाग प्रेषितांचा नाहीच, असे हाउग यांच्या संशोधनातून निघाल्याने सुधारणावादी पारशांनी त्याचे स्वागत केले. परंपरेचे कर्मकांड आणि प्रेषितांची शिकवण यांच्यात हाउग यांनी ओढलेली रेघ फार सरळ होती, असे पुढील काळातील मेरी बॉइस यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे व ते पटण्यासारखे आहे. तथापि भाषेचा भेद मात्र खराच ठरला. आज जरथुष्ट्रांचे चरित्र सांगायचे तर प्रथम गाथांकडेच वळावे लागते.

गाथांतून दिसणारा मनुष्य हा पशुपालन करणाऱ्या समाजातील एक पुरोहित आहे. त्यांच्या नावातील अखेरचा शब्द उष्ट्र, म्हणजे उंट. पित्याचे नाव पौरुषस्प. त्यातील अस्प म्हणजे आपला अश्व. मातेचे नाव दुग्धोवा आणि कुळाचे नाव स्पितमा. ते स्वतःला झओतर म्हणवितात. वैदिक यज्ञातील होता तो हाच. त्यांची भूमी कोणती, हेही वादग्रस्त आहे. उत्तरकालीन परंपरा पश्चिम इराणातील स्थळे सांगते, परंतु अवेस्तातील भूगोल आणि भाषा यांवरून पूर्व इराण अथवा मध्य आशियाचा प्रदेश अधिक संभवनीय वाटतो.

पहलवी ग्रंथांतील कथेनुसार जरथुष्ट्र तीस वर्षांचे असताना वसंतोत्सवाच्या प्रातःकाळी नदीचे पाणी आणण्यास गेले. तीरावर त्यांना वोहु मनह, म्हणजे सद्विचार, तेजस्वी रूपात भेटला आणि त्याने त्यांना अहुर मज्दासमोर नेले. त्यानंतर दहा वर्षांत त्यांना एकच अनुयायी लाभला आणि तोही त्यांचा चुलत भाऊ, मैध्योमाह.

ही कथा उत्तरकालीन असली तरी उपेक्षेची साक्ष गाथाही देतात. आप्तांनी व ज्ञातीने दूर केले, पशू थोडे, माणसे थोडी, आता कोठे जावे, अशी व्यथा एका स्तोत्रात आहे. दुसऱ्या एका ठिकाणी हिवाळ्यातील प्रवासात आश्रय नाकारला गेल्याची आणि थंडीने कुडकुडणाऱ्या घोड्यांची तक्रार आहे. कबूल झालेल्या दक्षिणेविषयी, म्हणजे दहा घोड्या, एक घोडा व एक उंट यांविषयी, ते ईश्वराकडे विचारणा करतात. कोणत्याही दंतकथाकाराने आपल्या प्रेषिताच्या तोंडी असे मागणे घातले नसते, म्हणूनच हा तपशील खरा वाटतो.

विरोध होण्यासारखे त्यांनी काय सांगितले? गुरे लुटणाऱ्या टोळ्या आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे पुरोहित व सरदार यांचा त्यांनी निषेध केला. या हिंसेला ज्यांच्या पूजेचा आधार होता त्या दएवांना त्यांनी उपासनेतून वगळले. दएव हा शब्द संस्कृत देव या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. अहुर म्हणजे असुर. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणासाठी हा शब्द आदराने येतो. दोन भगिनी परंपरांत शब्दांचे अर्थ असे उलट दिशांना गेले. एकाने दुसऱ्याच्या देवांची निंदा केली, इतका सोपा निष्कर्ष मात्र त्यातून काढता येत नाही.

अहुर मज्द हा सर्वज्ञ स्रष्टा. सूर्य आणि तारे यांचा मार्ग कोणी आखला, चंद्राची वृद्धी-क्षय कोणामुळे होतात, अशी प्रश्नांची मालिका एका गाथेत त्याच्यापुढे मांडली आहे. सृष्टीचा सत्यनियम अषा, म्हणजे वेदांतील ऋत. आणि त्याच्या विरुद्ध द्रुज, म्हणजे असत्य. आरंभी दोन जुळे मैन्यु, म्हणजे आत्मशक्ती, होते. एकाने अषा निवडली, दुसऱ्याने द्रुज. हीच निवड प्रत्येक मनुष्यापुढे आहे आणि ती ज्याची त्याने, नीट ऐकून व विचार करून, करावयाची आहे. मृत्यूनंतर चिन्वत पुलावर तिचा निवाडा होतो, असेही गाथा सांगतात. विल्सन यांच्या आक्षेपाचा गाभा या जुळ्यांच्या कल्पनेत होता. गाथांत मात्र त्या दोघांच्या वर अहुर मज्द आहे. मनश्नी, गवश्नी, कुनश्नी हे पारशी घराघरांत ऐकू येणारे शब्द, म्हणजे विचार, उच्चार आणि आचार, याच निवडीचे तीन भाग आहेत.

अखेर कवी विश्तास्प या राजाने त्यांचा संदेश स्वीकारला. कवी ही गाथांत बहुधा विरोधी सरदारांची पदवी, त्यामुळे हा स्वीकार अधिकच उल्लेखनीय ठरतो. प्रेषितांनी राजाचा आजारी घोडा बरा केल्याची कथा लोकप्रिय आहे. गाथांत तिचा मागमूस नाही. दरबारातील फ्रशओश्त्र आणि जामास्प हे दोघे बंधू त्यांचे निकटचे सहकारी झाले.

वयाच्या ७७ व्या वर्षी बल्ख येथील अग्निमंदिरात एका तुराणी आक्रमकाने प्रेषितांची हत्या केली, अशी परंपरा आहे. पुण्यतिथी जरथोश्त नो दिसो या नावाने पाळली जाते. इतिहासाच्या दृष्टीने येथे अडचण आहे. गाथांत अग्नी अषेचे प्रतीक म्हणून येतो, परंतु अग्निमंदिराचा उल्लेख नाही. अशी मंदिरे बरीच नंतरची. त्यामुळे मृत्यूची ही कथा निदान तिच्या स्थळापुरती तरी उत्तरकालीन म्हणावी लागते.

गाथा त्यांच्या मृत्यूविषयी काहीच सांगत नाहीत. सतरावे आणि शेवटचे स्तोत्र विवाहप्रसंगाचे आहे. काही अभ्यासकांच्या मते ते शिष्याने रचले असावे. वधू आहे जरथुष्ट्रांची धाकटी कन्या पौरुचिस्ता. परंपरेनुसार वर जामास्प. त्या मंगल प्रसंगी वधूला पतीच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केलेला नाही. तिने स्वतःच्या बुद्धीशी सल्लामसलत करावी, असे तिला सांगितलेले आहे.