मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. १८३६ साली, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे लोक त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणू लागले. आपल्या माळव्याशीही त्यांचा संबंध आला. जावऱ्याच्या नबाबाचे ते काही काळ शिक्षक होते. पुढे सुरतेस व मुंबईस त्यांनी अध्यापन केले आणि सरकारी नोकरीत ते डेप्युटी कलेक्टर झाले. जातिभेद मोडण्यासाठी १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेतही ते अग्रणी होते.

आज त्यांचे स्मरण आम्हांस एका निराळ्या कारणाने होते. दौलतगंजात घराबाहेर पडताच हिंदी कानी पडते. त्यामुळे आमची मुले कधीकधी ‘घोडाला’ असे लिहितात. प्रत्ययापूर्वी ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते, हा व्याकरणाचा नियम होय.

संगणकावर असा मजकूर दुरुस्त करण्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ वापरतात. तिचे मूळ अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांच्या १९५१ सालच्या लेखनात आहे. तीत एकेक शब्द न सांगता शब्दाचा साचा सांगावयाचा असतो. समजा, शब्दाच्या शेवटी ‘ाला’ दिसेल तेथे ‘्याला’ घाल, अशी आज्ञा आम्ही दिली. ‘घोडाला’चे ‘घोड्याला’ होईल खरे. पण ‘झाला’चे ‘झ्याला’ होईल आणि ‘राजाला’ बोलावणारा दूत ‘राज्याला’ बोलावू लागेल! यंत्र बिचारे आज्ञेप्रमाणेच वागले. उणीव आमच्या नियमात होती. म्हणून ‘घोडा’, ‘आंबा’, ‘रस्ता’ यांपैकीच शब्द असेल तर, अशी अट साच्यात घालावी लागते. तेथे उभी रेघ ‘किंवा’ या अर्थी येते. कंसात धरलेला भाग जसाच्या तसा राखून उरलेला तेवढा बदलता येतो.

नियम कोठे लागतो याइतकेच तो कोठे लागत नाही हे सांगणे महत्त्वाचे, हे वैयाकरणास पदोपदी जाणवते. दादोबांनी आपले पुस्तक एकदा लिहून बाजूस ठेवले नाही. त्यांनी ते वाढविले, १८६५ साली मुलांसाठी लघुव्याकरण रचले आणि १८८१ साली मोठ्या व्याकरणास पुरवणी जोडली. पुढल्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, संगणक नियम पाळील. पण राजा कोणता आणि राज्य कोणते, हे त्यास सांगण्याइतकी मराठी आपणांस आली पाहिजे.