विश्लेषण : राग वर्गात शिकवता येतो का? पं. भातखंडे यांनी काय केले?

लखनऊमध्ये १९२६ साली एक संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. फळा, वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या चौकटीत राग शिकवण्याची पद्धत देशभरातील विद्यापीठांत रुजली, त्यात मोठा वाटा मुंबईच्या एका वकिलाचा होता. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी हे कसे घडवले आणि त्या पद्धतीला मर्यादा कोणत्या?

वकिलीतून संगीताकडे कसे वळले?

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले, पुढे कायद्याची पदवी घेतली आणि काही काळ कराचीतही वकिली केली. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले होते. मुंबईतील पारशी रसिकांच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांना धृपद आणि ख्याल शिकायला मिळाले. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये मुलीचे निधन झाले. त्यानंतर वकिली मागे पडली आणि उरलेले आयुष्य संगीताच्या अभ्यासाला गेले.

त्यांना नेमके काय खटकत होते?

एकच राग दोन घराण्यांत वेगळ्या स्वरांनी गायला जाई आणि दोन्हीकडे आपलाच राग शुद्ध असल्याचा दावा असे. ग्रंथांतील वर्णने प्रत्यक्ष गायनाशी जुळत नव्हती. बंदिशी उस्तादांच्या कंठात होत्या. त्या मिळवायच्या तर वर्षानुवर्षे घरी राहून सेवा करावी लागे आणि तरीही सगळे हाती लागेलच याची खात्री नसे. भातखंडे यांनी वकील साक्षी-पुरावे तपासतो तसे काम सुरू केले. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले आणि एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. वेंकटमखी यांच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या १७व्या शतकातील ग्रंथातील ७२ मेळांची रचना त्यांना तिथे मार्गदर्शक वाटली. नंतर त्यांनी उत्तर भारत पालथा घातला. जयपूर परंपरेतील गायकांकडून आणि रामपूर दरबारातून त्यांनी बंदिशींचा मोठा साठा मिळवला.

दहा थाट म्हणजे काय?

सात स्वरांचा क्रमवार संच म्हणजे थाट. बिलावलचे स्वर शुद्ध मानून त्यांनी प्रचारातील रागांची बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी अशा दहा थाटांत विभागणी केली. प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, वर्ज्य स्वर आणि गायनसमय नोंदवले. ग्रंथ आणि गायन यांत विरोध दिसला, तर त्यांनी चालू गायनाला महत्त्व दिले. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या संस्कृत ग्रंथाच्या नावातला ‘लक्ष्य’ हा शब्द तेच सांगतो. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले संगीत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ मात्र त्यांनी मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला.

स्वरज्ञानासाठी कोणती सोय केली?

नियम पाठ झाले म्हणून कानाला कोमल आणि शुद्ध गंधार ओळखता येत नाही. त्यासाठी भातखंडे यांनी शिक्षणाचा क्रम लावला. सोपी स्वरलिपी तयार केली : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. विद्यार्थ्याने आधी सरगम गायची, म्हणजे स्वराचे नाव आणि त्याची उंची यांची सांगड बसते. मग लक्षणगीत. यात रागाची माहिती त्याच रागातील गीताच्या शब्दांत गुंफलेली असते. त्यामुळे शास्त्र आणि चाल एकदमच पाठ होते. त्यानंतर धृपद आणि ख्याल. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत ओळखीच्या रागांपासून अवघड रागांपर्यंत १८०० हून अधिक बंदिशी आहेत.

लखनऊत काय घडले?

१९१६ मध्ये बडोद्यात त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले. तिथे शिकवण्यासाठी राजाभैया पूछवाले यांच्यासारखे तयार गवई ही स्वरलिपी शिकले. पुढच्या परिषदांतून लखनऊचे महाविद्यालय उभे राहिले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला देण्यात आले. १९२८ पासून भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याची धुरा वाहिली. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हे गायक-अभ्यासक तिथलेच. गझलगायक तलत महमूद यांनीही तिथेच धडे घेतले. १९६६ मध्ये महाविद्यालयाला भातखंडे यांचे नाव मिळाले आणि २००० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा.

मर्यादा आणि आक्षेप कोणते?

सगळे राग दहा थाटांत बसत नाहीत. अहिर भैरवचे पूर्वांग भैरवचे, तर उत्तरांग काफीचे. दरबारीतील आंदोलित गंधार एका आडव्या रेघेत मावत नाही. तो समोर बसून ऐकावाच लागतो. उस्तादांच्या विद्येवर हे शास्त्र उभे राहिले, पण ग्रंथांत त्या उस्तादांच्या शास्त्रज्ञानाबद्दल कठोर शेरे आहेत, असा आक्षेप अभ्यासक घेतात. वर्गातून श्रोते, शिक्षक आणि जाणकार घडतात, मैफलीचा गवई क्वचितच, ही टीकाही जुनीच आहे. खुद्द रातंजनकर भातखंडे यांच्याकडे शास्त्र शिकले, पण गायकीसाठी बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे गेले.

मग या कामाचे मोल काय?

अर्धांगवायूच्या दीर्घ आजारानंतर १९ सप्टेंबर १९३६ रोजी भातखंडे यांचे निधन झाले. घराण्यात न जन्मलेल्या मुला-मुलींना फी भरून, पुस्तक उघडून राग शिकता येईल, ही सोय त्यांनी मागे ठेवली. पुस्तकातला राग पुरा नसतो, हे खरे. पण तो हाती असला, की गुरूसमोर बसणाऱ्याला काय ऐकायचे हे आधीच ठाऊक असते. आजही बी.ए.च्या वर्गात किंवा विशारदच्या परीक्षेत थाट, वादी, गायनसमय विचारले जातात, तेव्हा उत्तर भातखंडे यांच्याच चौकटीत दिले जाते.