फेकून द्यायच्या रक्तातून

आमचे कोंबडीचे दुकान आहे. हे साधे वाक्य मी या महाविद्यालयात आल्यावर पहिले वर्षभर कोणापाशी उच्चारले नाही. ओळखीच्या तासाला वडील व्यवसाय करतात, एवढेच सांगून मी खाली बसले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. निदान वर्गात तरी दुकानाचा वास मागे राहावा, असे मला वाटे.

गेल्या दिवाळीत माझा थोरला चुलतभाऊ घरी आला. तो शहरातील एका प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तेथील शून्याखाली ८० अंशांवर चालणाऱ्या शीतकपाटाच्या गोष्टी तो रंगवून सांगत होता. त्यात करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या असतात. एका नळीत माणसाचे एन्झाइम असते. पण ते माणसाच्या अंगातून काढलेले नसते. त्याचा जनुक जंतूंमध्ये घालून जंतूंकडूनच ते तयार करून घेतलेले असते. नळी हातून पडली तर साहेब पगार कापणार नाहीत, पण महिनाभर तोंडही पाहणार नाहीत, असे दादा म्हणाला. हे एन्झाइम हिस्टोन नावाच्या प्रथिनात फेरफार करते, आणि हे हिस्टोन पहिल्यांदा सापडले ते पक्ष्याच्या रक्तात! बाबा ठोकळा धूत होते. त्यांचा हात थांबला. आपण रोज बादलीने ओतून देतो तेच का, असे त्यांनी विचारले.

तेच. मात्र कोंबडीचे नव्हे, हंसाचे. हंस म्हणजे कवितेतला मोती टिपणारा नव्हे. युरोपात घरोघरी पाळतात तो गूज पक्षी. ते रक्त घेऊन बसलेल्या माणसाचे नाव आल्ब्रेश्ट कोसेल.

कोसेल यांचा जन्म १६ सप्टेंबर १८५३ रोजी जर्मनीतील रोस्टॉक या बंदराच्या गावी झाला. वडील व्यापारी आणि प्रशियाचे वाणिज्यदूत. म्हणजे घरची स्थिती आमच्यासारखी मुळीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मुलाला वेड वनस्पतींचे, पण शिक्षण झाले वैद्यकाचे. १८७२ साली ते स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात गेले. तेथे त्यांना फेलिक्स होप-झाय्लर हे गुरू भेटले. शरीरातील रसायनांचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र आहे, असे आग्रहाने मांडणाऱ्यांपैकी ते एक होते. १८७७ मध्ये वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कोसेल यांनी दवाखाना थाटला नाही. ते गुरूंकडेच साहाय्यक म्हणून परतले.

याच होप-झाय्लर यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी, १८६९ साली, फ्रीडरिश मीशर या तरुणाने रुग्णालयातून आलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातील पेशींच्या केंद्रकांतून एक नवा पदार्थ काढला होता. त्याला त्याने न्यूक्लीन म्हटले. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, तो त्यात होता. पुवाने भरलेल्या पट्ट्या! मला हे वाचून किळस आली आणि लगेच किळस आल्याची लाज वाटली. कोसेल यांनी हाच धागा पुढे नेला. न्यूक्लीन फोडले तर आत काय काय निघते, हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न झाला.

१८८३ मध्ये ते बर्लिनला शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेत रसायन विभागाचे प्रमुख झाले, आणि दुसऱ्याच वर्षी हिस्टोन सापडले. हंसाचेच रक्त का? आपल्या रक्तातील तांबड्या पेशींना केंद्रक नसते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना असते. ज्याला केंद्रकेच हवी आहेत त्याला पक्ष्याचे रक्त म्हणजे भरलेले कोठार. कोसेल यांनी ती केंद्रके वेगळी केली, त्यांवर सौम्य आम्ल घातले, आणि आम्लात एक प्रथिन उतरले. त्याला त्यांनी हिस्टोन हे नाव दिले. तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते.

पुढची यादी मोठी आहे, पण ती कशाकशातून आली ते पाहण्यासारखे आहे. १८८५ मध्ये बैलाच्या स्वादुपिंडातून ॲडेनीन. वासराच्या थायमस ग्रंथीतून थायमीन. स्टर्जन माशाच्या नराच्या शुक्ररसातील प्रथिनातून, १८९६ मध्ये, हिस्टिडीन. मधेच १८८८ साली चहाच्या पानांतून थिओफायलीन, जे पुढे दम्याचे औषध झाले. चहा सोडला तर बहुतेक सारे खाटकाच्या किंवा कोळ्याच्या पाटाखालचे! ॲडेनीन, ग्वानीन, थायमीन, सायटोसीन, युरॅसिल ही जी पाच अक्षरे आज शाळेतली मुले पाठ करतात, त्यांची ओळख कोसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातूनच पटली. ही आनुवंशिकतेची अक्षरे आहेत हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे लक्ष पुढे प्रथिनांकडेच अधिक वळले.

कला शाखेच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. १८८६ साली कोसेल यांचा विवाह लुईझे होल्ट्समान यांच्याशी झाला. त्यांचे वडील आडोल्फ होल्ट्समान हे हायडेलबर्गला जर्मन साहित्य आणि संस्कृत शिकवीत. महाभारतातील कथा त्यांनी जर्मन भाषेत नेल्या होत्या. म्हणजे या रसायनशास्त्रज्ञाच्या सासरी व्यासांचे नाव अपरिचित नव्हते. मुलगा वाल्टर पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाला.

१८९५ मध्ये मारबुर्ग, १९०१ मध्ये हायडेलबर्ग, आणि १९१० मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक. तीनच वर्षांनी, १९१३ साली, पत्नी वारल्या. आजार स्वादुपिंडाचा. ज्या अवयवातून त्यांनी ॲडेनीन काढले होते तोच. मी या ओळीपाशी बराच वेळ थांबले होते.

नंतर महायुद्ध आले. कोसेल राजकारणापासून दूर राहणारे. तरी लोकांना मिळणारे अन्न पुरेसे आहे असे त्यांनी जाहीर करावे, म्हणून त्यांच्यावर दडपण आले. शरीराला किती प्रथिन लागते हे जाणणाऱ्या माणसाची सही सरकारला हवी होती. त्यांनी नकार दिला. आमच्या दुकानात काट्याशी खेळ चालत नाही, त्यामुळे हा प्रसंग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

५ जुलै १९२७ रोजी हायडेलबर्ग येथे ते निवर्तले. प्रोटामीन आणि हिस्टोन यांवरचे त्यांचे पुस्तक पुढल्या वर्षी इंग्रजीत निघाले. त्यानंतर हिस्टोनला फारसे कोणी विचारीना. डीएनएचा मान वाढला, आणि हिस्टोन म्हणजे काचेच्या भांड्याभोवतीचा पेंढा, असे मानले जाऊ लागले. १९६४ साली व्हिन्सेंट ऑलफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हिस्टोनवर ॲसिटाइलचा छोटासा तुकडा चिकटण्याचा आणि जनुके वाचली जाण्याचा संबंध आहे. पण तो तुकडा चिकटवणारे एन्झाइम जनुकांचे काम चालू करणाऱ्यांपैकीच आहे, हे डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेत १९९६ मध्ये उघड झाले. हंसाच्या रक्तानंतर एकशेबारा वर्षांनी! आपल्या एका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो, आणि तो आठआठ हिस्टोनच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर धन विद्युत्भार, डीएनएवर ऋण, म्हणून पकड घट्ट. ॲसिटाइल चिकटले की पकड सैल होते आणि तेथला मजकूर वाचता येतो. चिकटवणारी एन्झाइमे वेगळी, काढणारी वेगळी. काढणाऱ्यांना अडवणारी काही औषधे आता कर्करोगावर दिली जातात. दादाच्या नळीतले एन्झाइम यांपैकीच एक.

हे सारे मी एका रात्री दुकान बंद झाल्यावर बाबांना वाचून दाखवले. रिळांचे त्यांना फारसे काही वाटले नाही. त्यांची शंका निराळी होती : पक्ष्याचे रक्त तर बघता बघता गोठते, मग त्या साहेबांनी त्यातल्या पेशी सुट्या कशा केल्या असतील? मग त्यांनीच सांगितले, की रक्त निघाल्याबरोबर काडीने ढवळत राहायचे. तंतू काडीला गुंडाळून येतात आणि खाली उरते ते पातळच राहते. मी वही उघडून ते लिहून घेतले.