बुऱ्हाणपूरला पाणी पाजणारा खानखाना

दोहेवाला रहीम शाळेपासून सगळ्यांना ठाऊक. बुऱ्हाणपूरकर मात्र त्यांना पाण्यावरून ओळखतात.

अब्दुल रहीम खानखाना यांचा जन्म १५५६ साली लाहोरात झाला. वडील बैरमखान १५६१ मध्ये गुजरातेत पाटणला मारले गेले आणि पोरगं अकबराच्या दरबारात वाढलं. त्यांनी लढाया मारल्या, बाबरनामा फारसीत आणला, मग दख्खनच्या सुभेदारीवर बुऱ्हाणपुरात आले.

तापी शहराला खेटून वाहते. पण शत्रूनं नदीत विष कालवलं तर? म्हणून १६१५ च्या सुमारास फारसी जाणकार तबकुतुल अर्ज यांच्याकडून कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्यात मुरून तापीकडं सरकणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलं, वर ओळीनं शंभरावर कुंड्या खणल्या. ना मोट, ना रहाट. नुसत्या उतारानं पाणी शहरात. डोंगरात मुरेल तेवढंच मिळायचं, जास्त उपसायची सोयच नव्हती. खरी अक्कल इथंच आहे.

म्हातारपण वाईट गेलं. मुलगा शाहनवाजखान आधीच गेला, त्याची कबर इथंच उतावळी नदीकाठी आहे. जहांगीराशीही बिनसलं. १६२७ मध्ये खानखाना वारले, मकबरा दिल्लीत.

भंडारा अजून वाहतोय. २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. पण डोंगर उघडे पडताहेत, रावेरपासून इथवर केळीसाठी बोअर खोल चालल्यात. बोगद्यात साचलेला चुना खरवडता येईल. वर मुरणंच थांबलं तर कुंडीत उतरायला काही उरणार नाही.